गणेशनं आणलेला खडा

सहा आठवडे झाले, तरी प्लेट कोरीच होती. काचेची भांडी विसळून झाली की शांताबाई रोज इन्क्युबेटरपाशी येऊन उभ्या राहायच्या.

"सर, काही उगवलं का?"

"अजून नाही."

शांताबाई आमच्या साकोलीच्या कॉलेजात लॅब अटेंडंट. राहायला एकोडीला. मी मायक्रोबायोलॉजी शिकवतो. एकदा वर्गात सांगत होतो, की प्राचीन समुद्र आटून मिठाचे थर बनले तेव्हा खड्यांच्या आत खारट पाण्याचे इवलेसे थेंब अडकले. त्यात हॅलोफाइल, म्हणजे मिठावाचून न जगणारे जीव, लाखो वर्षं तग धरतात असं काही शास्त्रज्ञ मानतात. शांताबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी रुमालात बांधून सैंधवाचा खडा आणला, सुपारीएवढा.

"माह्या गणेशनं आणला होता, हिमाचलच्या खाणीवरून. पाहून द्या न सर, यात काही जित्तं हाय का."

गणेश त्यांचा एकुलता एक मुलगा. ट्रक चालवायचा. गेल्या वर्षी अपघातात गेला. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

खडा आधी स्पिरिटनं पुसला, म्हणजे वर हातांचे जंतू राहत नाहीत. अर्धा फोडून निर्जंतुक पाण्यात विरघळवला आणि ते पाणी खारट मीडियाच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या खाद्याच्या, प्लेटवर पसरलं. जीव असले तर गुलाबी ठिपके उगवतात. महिनाभर काही उगवलं नाही. मी हट्टाला पेटलो. उरलेला अर्धाही विरघळवला. शांताबाईंना एक ठिपका तरी दाखवायचा, एवढंच डोक्यात होतं. त्यांना विचारलं नाही.

सहा आठवडे कोरी राहिली ती ही दुसरी प्लेट. शेवटी सांगावंच लागलं.

"शांताबाई, काही नाही निघालं."

"राहू द्या सर. तुम्ही लय मेहनत केली. मंग तो उरला खडा देऊन द्या."



"तोही विरघळवला."

"सगळा?"

फ्लास्कमध्ये थोडं द्रावण शिल्लक होतं. ते मी हॉट प्लेटवर आटवलं. पांढरी भुकटी निघाली, ती कागदाच्या पुडीत बांधून दिली. त्यांनी पुडी उघडली, चिमूट बोटांत चोळली.

"हे तं मीठ हाय सर. मीठ हाय माह्या घरी."

आणि बीकर विसळायला गेल्या. मला फार लाज वाटली. आजही वाटते.

नमुना कितीही लहान असो, आधी अर्धा बाजूला काढून त्यावर देणाऱ्याचं नाव लिहायचं आणि त्याला हात लावायचा नाही. हा नियम मी दरवर्षी पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवतो. तेव्हाही शिकवत होतो.