मेल आत, मी गेटबाहेर

"मेल म्हणजे काय झाडू आहे का रे, कोणीही उचलला आणि मारायला लागला?"

विद्यापीठाच्या लायब्ररीत कॉम्प्युटरच्या खोलीचा साहेब मला हे बोलला. मागं पोरंपोरी उभी होती. दोघंतिघं हसली. साहेब माझ्या मुलाच्या वयाचा. माझे सगळे केस पांढरे.

मी म्हटलं, "साहेब, मेल माझ्या बायकोचा आहे. ती गेली. तिचं लिखाण त्यात आहे. पासवर्ड मला पाठ आहे. पाच मिनिटं बसू द्या."

"इथं विद्यार्थी बसतात. घरी जाऊन उघड."

घरून उघडत नाही. तेच तर सांगायला गेलो होतो.

बायको तिथंच मुलींच्या हॉस्टेलात झाडलोट करायची. पोरी तिला मावशी म्हणायच्या. पन्नाशीत बारावी झाली. मग बी.ए. मग त्याच विद्यापीठात एम.ए.ला नाव घातलं. मेल मिळाला त्या दिवशी कांजूरमार्गच्या आमच्या खोलीत पेढे आणले तिनं. म्हणाली, "अहो, माझ्या नावापुढं विद्यापीठाचं नाव लागलं." तोवर तिच्या पाठीवर ठेकेदाराचं नाव होतं. छापलेलं, निळ्या कोटावर.

तिनं साठ पानं लिहिली. विद्यापीठात झाडणाऱ्यांवर, गटारात उतरणाऱ्यांवर. ड्युटी संपली की लायब्ररीत एका बोटानं टाईप करायची आणि स्वतःच्याच मेलवर पाठवून ठेवायची. म्हणायची, "कागद भिजतो, उंदीर खातो. हे कुठं जात नाही." मग किडनी गेली. पानं जमा करायच्या आधी तीच गेली.

आता गंमत ऐका. विद्यापीठाच्या आत बसलं तर तो मेल नुसत्या पासवर्डनं उघडतो. बाहेरून उघडायचा तर तिच्या फोनवर आकडे येतात, ते टाकावे लागतात. आणि तिचा नंबर मी बंद केला. तिच्या पुण्यानुमोदनानंतरही फोन वाजायचा. "मावशी आहेत का?" चार जणांना सांगितलं, गेली म्हणून. पाचव्याला सांगवेना. दुकानात गेलो, नंबर बंद करून आलो. माझ्या हातानं माझीच वाट लावली.

गावात आमची वस्ती वेशीबाहेर होती. इथं मेलालाही वेस निघाली. महिना संपला की खातंच बंद होणार, असं तिच्या विभागात सांगितलं.

तिसऱ्या खेपेला गेटवरच्या वॉचमननं अडवलं. तेवढ्यात तो साहेबच बाहेर आला. या वेळी गोड बोलला.

"काका, तू इथं ड्रेनेजला होतास ना? मागचं चेंबर तुंबलंय. ठेकेदाराची माणसं येत नाहीत. तेवढं मोकळं करून दे. मग बस कॉम्प्युटरवर, पाहिजे तेवढा वेळ."

मी गेलो. लिहायला लाज वाटते, पण गेलो. शर्ट काढून कुंपणावर टाकला. पहारीनं झाकण उचललं. तोच वास. एकतीस वर्षं अंगाला होता, साबणानं जात नव्हता. लोखंडी कडीवर एक पाय ठेवला.

आणि तिचं पान आठवलं. एकदा वाचून दाखवलं होतं. "माझा नवरा कामावरून आला की आधी मला हाक मारायचा नाही. दाराबाहेर उभा राहून पाणी मागायचा, आंघोळीला." ऐकून मी उठून बाहेर गेलो होतो. माणसाला चेंबरात उतरवायला कायद्यानं बंदी आहे, तेही तिनंच मला वाचून दाखवलं. मी रिटायर झालो त्या दिवशी म्हणाली, "परत उतरलात तर माझं मेलेलं तोंड बघाल."

मेलेलं तोंड बघून झालं होतं. राहिली होती साठ पानं. ज्या भोकावर तिनं ती लिहिली, त्याच भोकात उतरून मी ती मागणार होतो.

पाय वर घेतला. झाकण लावलं. शर्ट घातला, सगळी बटणं लावली.

साहेब बघायला आला, मागं चारदोन पोरं. म्हणाला, "झालं?"

"नाही. होणारही नाही."

"मग मेल विसर."

"विसरत नाही. आणि मला अरेतुरे करायचं नाही. बापाच्या वयाचा आहे मी तुझ्या."

पोरं या वेळी हसली नाहीत.

चौथी शिकलोय. अर्ज लिहायला दोन दिवस लागले. "माझ्या बायकोचं लिखाण मला पाहिजे. चेंबर साफ करायच्या अटीवर नको. हक्कानं पाहिजे." अंगठा नाही, सही केली. विद्यापीठाच्या ऑफिसात खिडकीवरच्या बाईनं तो ठेवून घेतला. मी हललो नाही. म्हटलं, शिक्का मारून पोच द्या. दिली.

महिना संपायला नऊ दिवस आहेत. पोच खिशात घालून रोज मोठ्या गेटवर जातो. नाही म्हणायचं तर लिहून द्या, सहीशिक्क्यानं. तो कागद घेऊन मी पुढचं दार ठोठावणार, त्याच्या पुढचंही. ती पानं मी खुर्चीवर बसून वाचणार.

आणि त्या चेंबरात दुसऱ्या कोणाला उतरवायला आणलं, तर मी झाकणावर बसलेला दिसेन. मला उचलून बाजूला ठेवा, मगच ते उघडेल.