गोधड्यांची वस्ती

आमच्या गावात तीन तळी आहेत हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं. लग्न करून आले तेव्हापासून याच गावात राहते, पण एवढं पाणी इथं आहे हे सासूनं सांगितलं नाही, नवऱ्यानं सांगितलं नाही. सांगितलं ते ग्रामपंचायतीच्या भिंतीनं. तिथं एक नकाशा लावला होता, दाराला पडदा करावा एवढा मोठा. वर लिहिलेलं, 'गावातील नैसर्गिक साधनसंपत्ती', आणि खाली कोपऱ्यात रंगांची यादी. हिरवा म्हणजे झाडी, पिवळा म्हणजे शेती, तपकिरी म्हणजे पडीक, निळा म्हणजे पाणी. उपग्रहानं आभाळातून फोटो काढले, कॉम्प्युटरनं रंग भरले. माणसाचा हात कुठं लागला नाही, असं सरपंच फार कौतुकानं सांगत होते.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटताना झालं, चपात्यांखाली घालायला रद्दी यायची तिच्यावर. तेव्हा रंगांची यादी वाचायला मला कुणाची गरज नव्हती. चाकणच्या रस्त्याकडेला तीन निळे चौकोन होते. कडा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. मी म्हटलं, देवानं तळं केलं तर ते जरा वाकडंतिकडं असतं, हा कुठला देव एवढा नीटनेटका? मग ओळखलं. ती कंपन्यांच्या शेडची निळ्या पत्र्याची छपरं. त्यातल्या मधल्या तळ्यात माझा मुलगा सेकंड शिफ्टला जातो. रोज जातो आणि रोज कोरडा परत येतो. पोहायला कुठं शिकला, कोण जाणे.

आणि जिथं खरं पाणी आहे तिथं तपकिरी.

गावाच्या वर, डोंगराच्या पायथ्याला आमचं गायरान आहे. तिथं कातळाच्या फटीतून झरा येतो. पुढं दगडात हौदासारखा खड्डा आहे, त्यावर उंबर आणि करंजाची दाट सावली. गावाचे नळ तीन दिवसांनी येतात, टँकर मनात आलं तर येतो, पण या खड्ड्यात भर वैशाखातही हंडा बुडतो. वरच्या वस्तीची आठ घरं त्याच्यावर जगतात. त्यातलं शेवटचं घर माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. दीर गेल्यापासून त्या दोन म्हशी घेऊन एकट्या राहतात. मुलगा सांगवीला, दोन खोल्यांत. तो दर दिवाळीला म्हणतो, "आई, तिकडं चल." त्या म्हणतात, "म्हशी गॅलरीत बांधशील का?" विषय तिथंच संपतो.

त्या नकाशाच्या शेजारी एक कागद डकवला होता. गायरान पडीक आहे, तिथं पाण्याचा स्रोत नाही, सबब कंटेनरच्या गाड्या उभ्या करायला जागा सपाट करून देण्याचा ठराव पुढच्या ग्रामसभेत येईल, हरकत असल्यास कळवावी. सपाट करायचं म्हणजे फट बुजणार. फट बुजली की म्हशी विकायच्या आणि जाऊबाईंनी सांगवीच्या गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगचे कपडे मोजायचे. एवढं सगळं त्या तपकिरी रंगात होतं.

माझी सून हिंजवडीला नकाशांच्याच ऑफिसात आहे. दिवसभर उपग्रहाच्या फोटोंवर रेघा मारते. कुठल्या परदेशातली तळी, कुठली जंगलं. स्वतःच्या सासरचा झरा तिनं एकदाच पाहिला, तोही फोटो काढण्यापुरता. पोरगी गुणी आहे, खोटं कशाला बोलू. तिला मी विचारलं.

"आई, उपग्रहाला झाडाखालचं दिसत नाही. वरून नुसती पानं दिसतात, आणि चारच झाडं असली तर तीही कातळाच्या तपकिरी रंगात जमा."

"मग ती पानं उन्हाळ्यात कशावर जगली, असं विचारत नाही का तो?"

"तो विचारत नाही. तो रंग बघतो."

"म्हणजे मुलगी बघायला आल्यासारखं."

ती हसली आणि म्हणाली, "हरकत द्या तुम्ही." दिली. पंचायतीत नकाशावाले साहेब आले होते, मुलाच्या वयाचे, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

"मावशी, डेटामध्ये झरा नाहीये."

"डेटात नसंल साहेब, हंड्यात हाय. दाखवू का?"

"तसं नाही चालत मावशी. पण गुरुवारी आम्ही ड्रोन उडवणार आहोत. तो जवळून फोटो काढतो. त्यात काही दिसलं तर बघू."

"चालत या की. वीस मिनिटांची वाट आहे. चहा पाजते."

"आमच्या कामात प्रत्यक्ष भेट धरलेली नाहीये," साहेब म्हणाले. पाच माणसं, एक गाडी, एक उडणारं यंत्र एवढं धरलं होतं. पाय तेवढे धरायचे राहिले.

आता माझी अक्कल ऐका. पावसाळ्याच्या आधी आमच्याकडं आगोटीची कामं निघतात, त्यात गोधड्या धुणं पहिलं. सबंध पावसाळा त्या वाळत नाहीत, म्हणून वैशाखात घरातल्या सगळ्या बाहेर काढायच्या. गोधडी एकटीनं धुता येत नाही. एकीनं पायानं तुडवायची, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची, मग तापल्या कातळावर पसरायची. त्यामुळं वरच्या वस्तीच्या आठही घरच्या बाया एकाच दिवशी झऱ्यावर जातात. मी विचार केला, हे धुणं गुरुवारी काढू. ड्रोनला झाडाखालचं पाणी दिसायचं नाही, पण उघड्या कातळावरच्या गोधड्या दिसतील. गोधड्या दिसल्या म्हणजे धुतल्या, धुतल्या म्हणजे पाणी. इतकं तर लहान पोरालाही कळेल.

जाऊबाई म्हणाल्या, "धाकटे, तुजं डोकं लई चालतंय गं. इतकी वर्सं कुठं ठिवलं व्हतं?"

गुरुवारी उजाडताच आम्ही गेलो. माझ्या घरच्याही सहा गोधड्या मी डोक्यावरून नेल्या. तुडवल्या, पिळल्या, पसरल्या. बाया नेहमीसारख्या जागा मिळेल तशा टाकायला लागल्या तर मीच ओरडले, "अगं, साहेब लोक बघणार हायेत! ओळीत घाला. मधून चालायला वाट ठेवा." घोळ इथं झाला, पण तेव्हा वाटलं काय नामी काम केलंय. लाल, निळ्या, जुन्या लुगड्यांच्या, शर्टांच्या, कंपनीच्या युनिफॉर्मच्या गोधड्या, सगळ्या रांगेत. कातळ असा सजला की बघत राहावं.

दहाच्या सुमाराला ड्रोन आला. गांधीलमाशीसारखा घूं घूं करत. म्हशींनी शेपट्या वर करून पळ काढला. निम्म्या बायांनी डोक्यावर पदर घेतला, म्हणजे त्या यंत्राला सासरा समजल्या. जाऊबाई मात्र दोन्ही हात वर करून ओरडत होत्या, "ये रं बाबा, खाली ये! पाणी पिऊन जा!" तो दोन चकरा मारून निघून गेला. एवढ्या उन्हात पाण्याला नाही म्हणणारा पाहुणा मी पहिल्यांदा पाहिला.

पंधरा दिवसांनी जाऊबाई माझ्या दारात. चप्पल एकाच पायात, हातात कागद. त्यांच्या गोठ्याच्या खांबाला तो डकवला होता. मी मोठ्यानं वाचून दाखवला. गायरानात एकोणचाळीस छपरांची विनापरवाना वस्ती आढळली आहे. आठ दिवसांत काढून घ्यावी, अन्यथा काढण्यात येईल. सोबत फोटो. फोटोत आमचा कातळ. प्रत्येक गोधडीभोवती लाल चौकोन. आणि कडेला, गायरानाच्या हद्दीवर, जाऊबाईंच्या गोठ्याभोवतीही एक.

सून कामावरून आली, तिनं फोटो बघितला आणि जमिनीवर बसून हसली. "आई, कॉम्प्युटरला गोधडी माहीत नाही हो. त्याला रंगीत चौकोन म्हणजे छप्पर. त्यात तुम्ही ओळी घातल्या, मधून रस्ते सोडले. वसाहत वसवलीत तुम्ही!"

मला हसू येईना. दीड महिन्यापूर्वी झरा जाणार होता, आता माझ्या हुशारीनं गोठ्यावरही रेघ आली होती. जाऊबाई कागदाची घडी घालून वर निघून गेल्या. चौथ्या दिवशी पाण्याच्या वाटेवर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "राजगुरुनगरच्या बाजारात म्हशीला गिऱ्हाईक बगाय सांग तुज्या पोराला. मोठी चांगली दुभती हाय. खाटकाला नगं." आणि हंडा कमरेवर घेऊन पुढं गेल्या. मी मुलाला मात्र काही सांगितलं नाही.

नवव्या दिवशी ते आले. पाणी बघायला वीस मिनिटं चालायची कुणाला सवड नव्हती. पाडायला मात्र दोन जीप, एक पिवळं यंत्र आणि लेडीज पोलीससुद्धा. धापा टाकत, सगळे चढून वर. मी आठही घरच्या बायांना आधीच सांगून ठेवलं होतं. प्रत्येकीच्या डोक्यावर घडी घातलेल्या गोधड्या.

अतिक्रमणवाले साहेब मराठवाड्याकडचे होते, बोलण्यावरून कळलं. फोटो हातात धरून मोकळ्या कातळाकडं बघत उभे.

"वस्ती कुठंय ओ, मावशी?"

"आणली की साहेब. घड्या घालून आणली. पसरा गं बायांनो."

बायांनी पसरल्या. फोटोत होत्या तशाच, त्याच जागी, ओळीत. साहेब एकदा फोटोकडं बघत, एकदा खाली. मग वाकून माझ्या गोधडीचं टोक त्यांनी चिमटीत धरलं.

"ही तर वाकळ हाय की ओ!"

"आम्ही गोधडी म्हणतो."

"आमच्याकडं वाकळ म्हणतेत. आमची माय शिवती अजून. असाच टाका घालती." आणि हा धिप्पाड माणूस, पाडायला आलेला, तिथंच त्या गोधडीवर बसला. घाम पुसला. मागं यंत्र धडधडत होतं, ते बंद करायला त्यांनी हात केला. इकडं तिकडं बघितलं आणि विचारलं, "पण मावशी, एवढ्या वाकळा ह्या उन्हाळ्यात धुता कुठं?"

दोन महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला. मी जाऊबाईंकडं बघितलं. जाऊबाईच उठल्या. "चला," म्हणाल्या.

उंबराखाली गेल्यावर साहेबांनी बूट काढले. ओंजळीनं पाणी प्यायले, तोंडावर मारलं, परत प्यायले. यंत्रवाल्यानं कॅन भरून घेतला. लेडीज पोलीस बाईंनी टोपी काढून पाय सोडले पाण्यात, म्हणाल्या, "इथंच ड्यूटी लावा माझी." जाऊबाई कडेला उभ्या राहून सगळ्यांकडं असं बघत होत्या की जणू जेवायला वाढलंय आणि मीठ बरोबर आहे का ते कळायचंय.

मग साहेबांनी तिथंच पंचनामा लिहिला. बसून, हातानं, पेनानं. छपरं आढळली नाहीत. गोधड्या वाळत घातलेल्या होत्या. गोठा गायरानाच्या हद्दीबाहेर आहे. जागेवर जिवंत झरा आहे, भर उन्हाळ्यात वाहता. खाली पाच पंचांच्या सह्या, त्यात माझी, आणि जाऊबाईंचा अंगठा. झऱ्याची जागा मोबाइलवर नोंदवायची म्हणून साहेब उभे राहिले, पण झाडाखाली रेंज येईना. मग चालत चालत रेंज येईल तिथं, कातळाच्या मधोमध गेले आणि तिथं बोट दाबलं.

ग्रामसभेत हा पंचनामा वाचला गेला. नकाशावाले साहेब म्हणाले, उपग्रहाच्या डेटाप्रमाणे मात्र तिथं पाणी नाही. सरपंच बिचारे एकदा आभाळाच्या कागदाकडं, एकदा शिक्क्याच्या कागदाकडं बघत बसले. तेव्हा मागून जाऊबाईंचा आवाज आला. सभेत त्या जन्मात कधी बोलल्या नव्हत्या.

"सरपंच भाऊ, ह्यांच्या यंत्राला म्या हात करून बोलावलं व्हतं. त्ये आलं न्हाई. ज्ये मोडाय आलं, त्ये पाणी पिऊन गेलं. आता तुमी कुणाचं लिवून घ्यायचं त्ये घ्या."

ठराव पुढच्या पाहणीपर्यंत थांबवला. रद्द नाही, थांबवला. सरकारी भाषेत याला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि पुढची पाहणी कधी होते तेही माहीत आहे. पण मोठी म्हैस गेल्या महिन्यात व्यायली. जाऊबाईंनी पहिला खरवस मला पाठवला, तेव्हा मी समजले की मला माफी झाली.

यंदा नवा नकाशा लागला. झरा आला नकाशावर. निळा ठिपका, कातळाच्या मधोमध, जिथं पाण्याचा थेंब नाही पण रेंज चांगली आहे. तीन तळी होती तशीच आहेत. आणि आमची एकोणचाळीस छपरांची वस्तीही ड्रोनच्या फोटोतून नकाशात आली ती तशीच आहे, कारण ती काढायची तर अर्ज वेगळा, खिडकी वेगळी. मी अर्ज केला नाही. पाण्याशेजारी वस्ती दिसतेय तोवर तिथं गाड्या कोण उभ्या करतंय?

परवा आगोटीचं धुणं काढलं. पिळून झालेली गोधडी दोघी दोन टोकांना धरून कातळावर आलो. जाऊबाई थांबल्या, इकडं तिकडं बघितलं.

"धाकटे, तुजं घर कंचं गं ह्यातलं?"

"ते काय, उंबराच्या बाजूचं."

"मंग हितं माजं," त्या म्हणाल्या. "धर नीट. छप्पर सरळ घाल."