जस्ताचं मीठ कढवताना

बंगळूरजवळ होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका लहानशा रसायनाच्या कंपनीत मी लागले, तेव्हा सहा महिने कच्ची नोकरी होती. सहाव्या महिन्यात आमच्या सरांनी एक काम माझ्या एकटीच्या हाती दिलं. जमलं तर कायम, नाही तर दुसरीकडे बघा. हे त्यांनी हसत सांगितलं, पण सांगितलं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याचा मला अभिमान होता, अजून आहे. त्या अभिमानाचा एक तोटा असा, की न कळलेलं मी कुणाला विचारत नसे.

काम दिसायला सोपं होतं. रिसॉर्सिनॉल नावाची पांढरी पूड घ्यायची आणि व्हिनेगरात असतं तेच आम्ल, पण निर्जळ, त्यात ती तापवायची. दोघं आपणहून एकत्र येत नाहीत. त्यांना जोडायला झिंक क्लोराइड, म्हणजे जस्ताचं मीठ. लग्न जमवून शेवटी स्वतः पंक्तीत न बसणाऱ्या मावशीसारखं त्याचं काम. सगळं नीट झालं की फिकट केशरी स्फटिक पडतात.

कृतीच्या कागदावर लिहिलं होतं, ‘फ्रेशली फ्यूज्ड’ झिंक क्लोराइड घ्या. मी दहावीपर्यंत कन्नड शाळेत शिकले. फ्यूज म्हणजे आमच्या घरी जो उडतो तो. मी मनाशी अर्थ लावला, नवी बाटली फोडून त्यातले गोळा झालेले खडे घ्यायचे. वर शहाणपणा म्हणून ते ओव्हनमध्ये सुकवले. दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा तळाशी काळी काकवी उरली.

सर पुण्याचे. माझ्या मराठीची त्यांना गंमत वाटायची.

“काय मॅडम, कुठवर आलंय?”

“होतंय सर.”

“तुमचं हे बंगळूरी ‘होतंय’ म्हणजे झालं, होणार, की होणारच नाही? शुक्रवारी शेवटचा प्रयत्न. मग मला हे दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.”

शेजारच्या टेबलावरचे हसले. मीही हसले. मग खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. काचेच्या वाटीत मी सकाळी त्या मिठाचा एक खडा विसरले होते. आता तिथे खडा नव्हता, पाणी होतं. कुणी ओतलं नव्हतं. त्या पाण्यात खिडकीचा चौकोन दिसत होता, त्यात एक ढग, आणि ढगाखाली बाहेरच्या बांधकामाची क्रेन, उलटी, अगदी सावकाश फिरत असलेली. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. माझी नोकरी पाण्यात चालली होती आणि मला ते पाणी सुंदर दिसत होतं.

संध्याकाळी घरी न जाता चिकपेटच्या बाजारात उतरले. तिथल्या एका गल्लीत अप्पा, म्हणजे माझे वडील, बसतात. गळक्या घागरींना, देवळातल्या समयांना डाग देतात. फुटलेला सांधा कथील वितळवून बुजवायचा, तो डाग. सांधा आधी साफ करायला एक पाणी लागतं. तेजाबात जस्ताचे तुकडे टाकायचे. ते फसफसतं, उकळल्यासारखं करतं, मग हळूहळू गप्प होतं. गप्प झालं की अप्पा म्हणतात, “मेलं.” लहानपणी मी कान लावून त्याचं मरण ऐकत बसायची. ते मेलेलं पाणी म्हणजे झिंक क्लोराइडच, हे कॉलेजात कळलं. अप्पांना सांगायचं मात्र कधी सुचलं नाही.

“अप्पा, हे पाणी पार सुकवायचं तर कसं?”

“सुकत नाही ते, अक्का.” आमच्याकडे थोरल्या मुलीला बापही अक्का म्हणतो. “हवेतलं पाणी पितंय ते. भट्टीजवळ ठेवलंस तर वरून सुकल्याचं सोंग करतंय, पोटात पाणी तसंच.”

“मग?”

“कढवायचं. लोणी कढवतात ना, तसं. आधी पातळ होतंय, मग तडतडतंय. तडतड थांबली, आरपार दिसायला लागलं, की उतरवायचं. स्वल्प आधी उतरवलंस की गेलं.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“एकदा तव्यावर सांडलं. गार झालं तर खडीसाखरेसारखी वडी! गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलतो तर परत पाणी.” मग कामातून मान वर करून म्हणाले, “दोन डिग्र्या घेतल्यास, आणि विचारायला इथे?”

“डिग्रीत कढवायला शिकवत नाहीत, अप्पा.”

“सरी, बरोबर आहे. ते आईकडे शिकायचं, तिथे तू पळ काढलास.”

बसमध्ये बसल्यावर डोक्यात आलं. फ्यूज्ड म्हणजे वितळवलेलं. एवढंच.

शुक्रवारी धूर ओढणाऱ्या कपाटात चिनी मातीच्या वाटीत मी ते मीठ कढवलं. लापशी झाली, उडायला लागलं, बुडबुडे आले. काचेआडून मी बघत होते. मग तडतड विरळ झाली, एकेक, जणू कुणी बोलता बोलता झोपी जावं. तळ दिसला. मी वाटी उतरवली, गार होईतो कोरड्या बरणीत झाकून ठेवली, आणि वडी भराभर फोडून आम्लात टाकली. मग पूड, मग आच. रंग केशरी झाला, काळा नाही. बर्फाच्या आम्लपाण्यात ओतल्यावर बराच वेळ काही नाही. नंतर एका कडेला धुकं धरलं. त्या धुक्यात सुया चमकू लागल्या.

सोमवारी सरांनी वाळलेल्या स्फटिकांची चिमूट बारीक नळीत भरून तापवली आणि भिंगाला डोळा लावला. ठरलेल्या अंशाला ते वितळलं तर माल खरा. मी आकडा चढताना बघत होते. एकशे चाळीसला ते बसून होतं. एकशे त्रेचाळीसला, हवं तिथेच, सगळं एकदम वितळलं.

“काय केलंत वेगळं?”

“कढवलं, सर.”

“काय?”

मी सगळं सांगितलं, चिकपेटसकट. ते हसले नाहीत. कृतीचा कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “ही ओळ नीट लिहा. पुढच्यांनाही लागेल. आणि कायम केल्याचं पत्र या आठवड्यात मिळेल.”

मी लिहायला बसले आणि अडले.

“सर, तडतडला इंग्रजीत काय म्हणायचं?”

त्यांनी छताकडे बघितलं.

“थांबा हं,” ते म्हणाले, “मलाही आठवत नाहीये.”