केनोच्या टेबलावर संकष्टीचा चार

जपानला निघाले तेव्हा भिशीतल्या मैत्रिणींना मी छातीठोकपणे सांगितलं होतं, की तिथल्या झगमगत्या कॅसिनोत केनो खेळून येणार. एकदा क्रूझवर केनो खेळून मी कॉफीचा मग जिंकले होते आणि तेव्हापासून स्वतःला त्यातली जाणकार समजत होते. कावासाकीला लेकीच्या, मुग्धाच्या, घरात पाऊल टाकलं आणि तिने माझ्या बेतावर पाणी ओतलं.

“आई, इथे अजून कॅसिनो नाहीत. ऑनलाइन खेळणंसुद्धा बेकायदा आहे. फोनवर असलं काही उघडू नकोस.”

मी हिरमुसले, पण माझ्यापेक्षा मुग्धाच जास्त हिरमुसलेली दिसली. इथे प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याचा वार ठरलेला, आणि तिने नारळाची करवंटी चुकीच्या वारी टाकली होती. समोरच्या ओगावासान, म्हणजे आपल्या भाषेत ओगावाबाई, कचऱ्याच्या जागेवर देखरेख करतात. त्यांनी ती पिशवी न बोलता हिच्या दाराशी परत आणून ठेवली. तेव्हापासून आमची इंजिनियर लेक दाराच्या भिंगातून बाहेर कुणी नाही ना हे बघून मगच ऑफिसला निघायची आणि जेवताना “आपण घर बदलू या” म्हणायची. स्टेशनजवळचं, भरपूर उजेडाचं घर एका करवंटीपायी सोडायचं, हे माझ्या जिवाला फार लागलं.

पुढच्याच शनिवारी चोनाइकाईच्या (वस्तीतल्या रहिवाशांच्या मंडळाच्या) सभागृहात ज्येष्ठांसाठी ‘कॅसिनो’ होता. पैशांचं नाव नाही, नुसती गंमत, आणि बक्षिसं बाजारातल्या दुकानदारांनी दिलेली. कोपऱ्यात केनोचं टेबल दिसलं आणि माझा उपास, गुडघे, सगळं मी विसरले.

केनो ही आपल्या हौजीची चुलत बहीण. हौजीत तिकिटावर येतील ते आकडे गोड मानून घ्यायचे, केनोत ते आपण निवडायचे. चिठ्ठीवर एक ते ऐंशी आकडे असतात. त्यातल्या हव्या त्या आकड्यांना गोल करायचा; इथे पाच आकडे घ्यायचे होते. मग वीस गोळ्या निघतात आणि आपले जितके आकडे जुळतील तितकं बक्षीस मोठं. अक्कल अजिबात लागत नाही, म्हणून मला हा खेळ फार आवडतो. गोळ्या काढायला गारापोन (दांड्याने फिरवायचं लाकडी पिंप) होतं. त्याचा खडखडाट ऐकूनच मला हसू फुटत होतं.

शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या त्या नेमक्या ओगावासान. दुभाषी म्हणून माझ्याबरोबर आलेल्या मुग्धाचा चेहरा उतरला. मी मात्र चारला ठसठशीत गोल केला, तशी टेबलावरची सगळी पेनं थांबली. ओगावासान हलकेच काहीतरी बोलल्या.

“आई, त्या म्हणतात, चार इथे मरणाचा आकडा मानतात. कुणी घेत नाही. दुसरा घ्या.”

“त्यांना सांग, आज संकष्टी आहे. आमच्या गणपतीची तिथीच चतुर्थी. आज चार सोडायचा म्हणजे काय?”

मुग्धाने चाचरत ते सांगितलं, माझ्या उपासासकट. “मग उपास सोडणार कधी?” ओगावासाननी विचारलं.

“चंद्र दिसल्यावर.”

त्यांनी माझ्यासमोरची तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांची बशी गुपचूप स्वतःकडे ओढली. मला त्या बाई तिथेच आवडल्या.

माझे तीन आकडे जुळले होते. शेवटची गोळी पडली ती चारची. सभागृहात टाळ्या पडल्या, आणि मी चक्क खुर्चीवरून उठून नाचले. एवढे आकडे दुसऱ्या कुणाचेच जुळले नव्हते. पहिलं बक्षीस म्हणून माझ्या हातात आला डोक्याशेपटासकट अख्खा खारवलेला साल्मन मासा. तोही संकष्टीला, आणि आमचं देवघर मुग्धाच्या फ्रिजवर.

तान्ह्या बाळाला घ्यावं तसा तो मासा दोन्ही हातांवर घेऊन मी घरी आले आणि थेट ओगावासानची बेल दाबली. त्यांनी दोनदा नको म्हटलं. इथली ती रीतच. तिसऱ्यांदा मी नुसतेच हात पुढे केले, तेव्हा त्यांनी तो घेतला.

रात्री आमच्या गॅलरीतून चंद्र काही दिसेना. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. इतक्यात बेल वाजली. ओगावासान आपल्या घराकडे बोट दाखवत होत्या. त्यांची गॅलरी पूर्वेला. तिथे उभं राहून मी चंद्राला अर्घ्य दिलं आणि त्यांनीही माझ्याकडे बघत हात जोडले. आत त्यांच्या ओट्यावर माशाच्या तुकड्यांच्या पुड्या बांधून ठेवल्या होत्या. त्या मजल्यामजल्यावर मुग्धाच्या नावाने जाणार होत्या. ओसुसोवाके (आपल्याकडे आलेल्यातलं शेजाऱ्यांना देणं) म्हणतात त्याला. आपण पेढे वाटतो, तसंच. माझ्या मागोमाग आलेल्या मुग्धाने धीर करून करवंटीचा वार विचारला. ओगावासान खळखळून हसल्या आणि तिला कॅलेंडरपाशी घेऊन गेल्या.

पुण्याला परतल्यावर भिशीत मी केनोचं वर्णन इतकं रंगवलं, की कॅसिनो नव्हता हे सांगायचं राहूनच गेलं. केनोत आकडे तरी आपण निवडतो, शेजार निघेल तो घ्यावा लागतो. लेकीच्या वाट्याला तो चांगला निघाला, या आनंदात मी अजून आहे.

परवा तिने फोटो पाठवला: ओगावासानची केनोची चिठ्ठी, आणि तिच्यात चारला गोल.

“लागला का?” मी फोन करून विचारलं.

“नाही. पण म्हणाल्या, पुढच्या वेळीही चारच घेणार.”

“आणि घर बदलायचं काय झालं?”

“कुठलं घर?” मुग्धा म्हणाली. “थांब हं आई, ओगावासाननी बेल वाजवली. आज कचऱ्याचा वार आहे.”