घाईचं ऑपरेशन

मनुष्यदेहाचं पहिलं सत्य म्हणजे त्याचं लिंग, असं मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवताना बरीच वर्षं गंभीर चेहऱ्याने सांगितलं. मग धाकट्या बहिणीचं बाळ बिदरच्या दवाखान्यात जन्मलं आणि डॉक्टर म्हणाले, "आत्ताच सांगता येत नाही." बाळाची ठेवण मुलासारखीही होती, मुलीसारखीही.

पहिली काळजी रक्तातल्या मिठाची. अशा बाळांचं ते कधी कधी घसरतं आणि मग जिवाला धोका असतो. मी व्हरांड्यात येरझारा घालत होतो. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठं जायचं ते कळेना. बहिणीचे सासरे आळंदहून आले होते, तुरीचे व्यापारी. त्यांच्याकडे मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर जिलेबी. डबे वाटेपर्यंत जन्म झाला असं गाव मानत नाही. मी त्यांना समजावू लागलो : देह वेगळा, समाजाने दिलेली भूमिका वेगळी, काही अभ्यासक तर म्हणतात, देहाचे दोनच कप्पे हेही आपणच पाडलेत.

"मास्तर," फोनवर हात ठेवून ते म्हणाले, "मिठाईवाला लाईनवर हाय. त्याला काय सांगू?"

मी पुन्हा देहापासून सुरुवात केली. त्यांनी अर्धे पेढे, अर्धी जिलेबी सांगितली. संध्याकाळपर्यंत जुळं झाल्याबद्दल अभिनंदनाचे फोन यायला लागले.

पाचव्या दिवशी रक्ताचे रिपोर्ट ठीक आले. लगेच मोठे डॉक्टर फॉर्म घेऊन हजर. लहानसं ऑपरेशन करून मुलगी करून टाकू, म्हणाले. सासऱ्यांनी पेन काढलं.

"थांबा मामा," बहीण खाटेवरून म्हणाली. "डॉक्टर, बाळ दूध पियायलंय न्हवं?"

"हो."

"लघवीला अडचण?"

"नाही."

"मग कापायलाव कामून?"

"पुढे लोक विचारतील."

"मग लोकांचं करा की ऑपरेशन. बाळाला काय पायजे ते बाळ मोठं झाल्यावर सांगंल."

सासरे बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. मग पेन खिशाला अडकवलं. मी एक शब्द बोललो नाही; पाच दिवसांतलं माझं तेवढंच उपयोगी काम.

डॉक्टरांनी फाइलीत लिहिलं : नातेवाईक सहकार्य करत नाहीत. त्याखाली नर्सने नोंद केली : शी पिवळी, दोन वेळा.