थांबा सरांची तीन मिनिटं

पदवीला एकच विषय उरलेल्या एका बाईचं शिक्षण माझ्यामुळे सुटलं. सांगताना जीभ जड होते, पण सांगते.

मी प्राध्यापकांना शिकवते. त्यांचा विषय नव्हे हो, माझी काय टाप! ऑनलाइन वर्गात विद्यार्थ्यांनी पेंगू नये म्हणून काय करावं, ते शिकवते. विद्यापीठाच्या तळमजल्यावर, झेरॉक्स मशीनशेजारी माझी खोली. दर सोमवारी माझ्याकडे तक्ता येतो. कुणाच्या वर्गात कितीजणांनी उत्तराचं बटण दाबलं, कितीजण बोलले. चांगलं ते हिरवं, वाईट ते लाल.

थांबा सर कायम लाल. ते संख्याशास्त्र शिकवतात. प्रश्न विचारायचा, "थांबा, विचार करा" म्हणायचं आणि स्वतः गप्प बसायचं, ही त्यांची जुनी खोड. त्यावरूनच ते नाव पडलं. मी दोनदा समजावलं, "सर, वीस सेकंदांत पुढे सरका. लोक कंटाळून उठून जातात."

"सगळ्यांची उत्तरं यायची असतात हो," ते म्हणाले.

माझा पारा चढायला वेळ लागत नाही. म्हटलं, बघतेच आता.

पुढच्या कार्यशाळेत साठ प्राध्यापकांसमोर मी सरांच्या वर्गाचा एक तुकडा लावला. त्यांना न विचारता. तीन मिनिटं दहा सेकंद पडद्यावर नुसते सर. चष्मा पुसतायत, पाणी पितायत, परत चष्मा पुसतायत. मी माइकवर म्हणाले, "सर आहेत की सरांचा फोटो लावलाय?" हशा पिकला. सर दुसऱ्या रांगेत बसले होते. तेही हसले.

चहाच्या वेळी ते वही घेऊन माझ्याकडे आले. "ते वीस सेकंदांचं घड्याळ कुठून लावायचं, तेवढं दाखवता का?" त्यांनी एकेक पायरी नंबर घालून उतरवून घेतली. मी मनातून फुशारले. अशी मी.

तीन आठवड्यांत सरांचा वर्ग हिरवागार झाला. वरच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या यादीत एकच नाव लाल राहिलं, दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या एका बाईंचं. लाल नावाला दर आठवड्याला आपोआप पत्र जातं. 'आपला सहभाग असमाधानकारक आहे.' मजकूर मीच लिहिलेला. त्यांना अशी तीन गेली. चौथ्या आठवड्यात त्यांचा विषय सोडल्याचा अर्ज आला. कारणाच्या चौकटीत लिहिलं होतं, 'उत्तर येतं, वेळेत देता येत नाही.'

मी कार्यशाळेत दाखवलेला तो वर्ग पुन्हा लावला आणि या वेळी मध्येच बंद केला नाही. तीन मिनिटं पंधरा सेकंदांनी एक माइक उघडला. मागे लहान मूल रडत होतं.

"सर, आले हो. रांग होती."

"काकू, सावकाश, आम्ही थांबलोय," कुणीतरी पोरगी म्हणाली. मग बाईंनी उत्तर दिलं, कारणासकट, एका दमात.

"बरोबर," सर म्हणाले. "आता सगळे आले."

तो माइक उघडायच्या पाच सेकंद आधी मी कात्री लावली होती. पुढे काय आहे ते बघायची तसदीसुद्धा घेतली नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांकडे गेले. वाटलं, चार शब्द सुनावतील, तेवढंच मन हलकं होईल. कसलं काय! ते टेबलाकडे बघत म्हणाले, "तुम्ही या विषयातल्या जाणकार. म्हटलं, माझंच चुकत असणार. मला कळत होतं त्या मागे पडतायत ते, तरी घड्याळ लावत राहिलो. आता कुठल्या तोंडाने फोन करू त्यांना?" चूक माझी, आणि मान खाली त्यांची.

फोन मीच केला. नाव सांगितलं, तोच बाई म्हणाल्या, "एक मिनिट हं ताई, पेशंट आहे." फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग वय किती, पहिल्यांदाच आलात का, डावीकडे दुसरी खोली, शिक्का, पुढचा पेशंट. मी कानाला फोन लावून बसून राहिले. पाच मिनिटं झाली असतील.

"अगंबाई, आहात अजून?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ठेवला असेल."

मी माफी मागितली. अर्ज मागे घ्या म्हटलं, घड्याळ काढून टाकलंय, सर थांबतील म्हटलं. पलीकडे आणखी दोन शिक्के बसले. मी थांबले.

"नको ताई," त्या शेवटी म्हणाल्या. "माझी लेक पहिल्यापासून म्हणत होती, आई, हे तुला झेपायचं नाही. मी दोन वर्षं तिच्याशी भांडले. मग तुमचं तिसरं पत्र आलं, ते तिला दाखवलं आणि म्हटलं, तुझंच खरं गं बाई."

त्या पत्राखाली सही माझी आहे.