नामदेवभाऊंचा सायकलचा गोठा

सविताचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधत होते. लोणावळ्यात माझी रक्त-लघवी तपासणीची छोटी लॅब आहे आणि सकाळी सात ते नऊ मी शक्यतो फोन घेत नाही. पण सविता, म्हणजे नामदेवभाऊंची सून, अशा वेळी कधी फोन करत नाही, म्हणून उचलला. "मावशी, आबा गेले," एवढंच म्हणाली. अंगणात तोंड धूत होते, छातीत कळ आली म्हणून ओट्यावर टेकले आणि संपलं. मी येते म्हणून सांगितलं, आजोबांचं रक्त घेतलं, बाहेर बसलेल्या तिघांचंही घेतलं, कारण ती माणसं उपाशीपोटी आली होती. मग शटर ओढून वलवणला गेले. भाऊंनीही हेच केलं असतं. हातातलं काम अर्धं टाकून उठणारा माणूस त्यांना आवडत नसे.

त्याला आता दीड महिना झाला. भाऊ काही नामवंत नव्हते. वलवणच्या एका शेतकरी घरातला, तळेगावच्या कारखान्यात फिटर म्हणून राबलेला आणि बावन्नाव्या वर्षी घरी बसवला गेलेला माणूस. कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि जुन्या फिटरांची गरज संपली. घरी आल्यावर पहिले चार महिने ते कुणाशी बोललेच नाहीत, असं त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, सांगायच्या. मग एका बंगलेवाल्याने मोडकी डोंगरी सायकल त्यांना देऊन टाकली. ती दुरुस्त करता करता त्यांना बोलायला विषय सापडला. गुरं विकून झाली होती, गोठा रिकामाच होता. त्यात त्यांनी पाने-पकडी मांडल्या आणि चारपाच वर्षांत मावळातल्या डोंगरवाटांवर सायकल चालवणारा प्रत्येक जण तो गोठा ओळखू लागला.

माझी ओळख बारा वर्षांपूर्वीची. माझीच साखर वाढलेली निघाली, म्हणून गिअरची सायकल घेतली आणि तिसऱ्याच दिवशी भुशीच्या चढावर साखळी तुटली. लोकांनी भाऊंचा पत्ता दिला. मला वाटलं, सायकल टेकवायची आणि तासाभराने यायचं. त्यांनी साखळी जोडायचं हत्यार माझ्या हातात दिलं आणि स्वतः समोरच्या पोत्यावर बसले. मी म्हटलं, भाऊ, मला लॅबला जायचंय. ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, जी गाडी वाटंत आपल्या हातानं दुरुस्त व्हत न्हाई, ती आपली न्हाई." मी डॉक्टर नाही हे त्यांना दहादा तरी सांगितलं असेल. ते शेवटपर्यंत डॉक्टरीणबाईच म्हणत राहिले. त्या दिवशी साखळी जोडायला मला पाऊण तास लागला आणि लॅबसमोर पेशंट ताटकळले, पण त्यानंतर साखळीसाठी मी कधी कुणाकडे गेले नाही.

दर रविवारी त्यांच्यासोबत सायकली घेऊन डोंगरावर जाणाऱ्या टोळीचा हाच नियम होता. नव्या माणसाने आधी गोठ्यात बसून पंक्चर काढायचं, साखळी जोडायची, ब्रेक आवळायचा, मगच वर पठारावर यायचं. पुण्याहून आलेले मोठमोठे अधिकारी तिथे काळ्या हातांनी बसलेले मी पाहिले आहेत. भाऊ त्यांना हसायचे नाहीत. चूक झाली की फक्त म्हणायचे, "पुन्हा."

नव्या सायकलींबद्दल मात्र त्यांचं तोंड थांबत नसे. आमच्याकडच्या वाटा गुरांनी पाडलेल्या. दोन करवंदीच्या जाळ्यांमधून जेमतेम एक म्हैस जाईल एवढी रुंदी आणि एकदम काटकोनात वळणारी वळणं. दर वर्षी सायकली लांब होत गेल्या, चाकं मोठी होत गेली आणि हॅण्डल इतकं रुंद झालं की जाळीत अडकून माणूस खाली यायचा. एकाचं नवंकोरं हॅण्डल बघून भाऊंनी विचारलं होतं, "ह्यो हॅण्डल हाय का कावड?" ते हॅण्डल त्या माणसाने पुढच्याच आठवड्यात दोन्हीकडून दोन दोन बोटं कापून आणलं. या गाड्या परदेशातल्या बांधीव उतारांसाठी केल्यात, आपल्या वाटा कुणी बघितल्यात, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं. मागचा गिअर जमिनीला टेकेल एवढा खाली लोंबतो आणि पहिल्याच दगडावर वाकतो. पूर्वी आट्यांनी बसणारं पॅडलचं बेअरिंग आता नुसतं ठोकून बसवतात आणि पावसाळ्यानंतर ते कुईकुई करायला लागतं. दर दोन वर्षांनी सगळी मापं बदलतात, त्यामुळे जुना माल असून नसल्यासारखा. त्यांच्या स्वतःच्या गाडीला लागणारा लहान चाकाचा चांगला टायर मिळेनासा झाला, तेव्हा त्यांनी ओळखीच्या सगळ्यांच्या माळ्यावरून जुने टायर गोळा केले. बॅटरीचे गिअर आले आणि कुणीतरी चार्जर विसरला म्हणून अख्खा चढ सायकल ढकलत चढला, तो दिवस तर त्यांनी वर्षभर पुरवून पुरवून सांगितला.

खेळही बदलला होता. पठारावर बंगल्यांच्या प्लॉटची कुंपणं आली, दोन वाटा तर तारेच्या आत गेल्या. पिकअपमध्ये सायकली टाकून थेट वर जायचं आणि फक्त उतरायचं, असे ग्रुप यायला लागले. भाऊ मला विचारायचे, "चढायचंच न्हाई, तर उतरायचं कशापायी?" मला याचं उत्तर माहीत होतं. उतारात मजा येते म्हणून. पन्नाशीच्या गुडघ्यांनी मीही दोनदा पिकअपमधून गेले होते, हे त्यांना सांगितलं नव्हतं. भाऊंचं सगळंच बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही. नवे ब्रेक जुन्यांपेक्षा कितीतरी चांगले आहेत आणि त्यांनी माझी मान दोनदा तरी वाचवली आहे.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी मी नवी सायकल घेतली. कार्बनची, मोठ्या चाकांची, सगळ्या केबली फ्रेमच्या पोटातून जाणाऱ्या. भाऊंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "दिसाय झ्याक हाय." पुढे काही नाही. एक पावसाळा गेला, लाल चिखल केबलच्या नळीत बसला आणि गिअर अडकायला लागले. रविवारी सकाळी टोळी निघायच्या आधी मी गाडी गोठ्यात लावली. भाऊ म्हणाले, धा मिनिटाचं काम.

जुन्या गाडीत ते खरंच दहा मिनिटांचं काम होतं. केबल बाहेरून गेलेली असते, जुनी ओढून काढायची, नवी लावायची. इतक्या वर्षांच्या सवयीने भाऊंनी गिअरकडचं टोक सोडवलं, हॅण्डलकडचं कापलं आणि सर्रकन अख्खी केबल नळीसकट बाहेर ओढली. ती बाहेर आली आणि त्यांचा हात थांबला. फ्रेमच्या पोटातून जाणारी केबल अशी काढायची नसते. जुनीच्या टोकाला आधी नवी जोडायची, म्हणजे एक निघते आणि तिच्यामागे दुसरी आत जाते. आता नव्या केबलला आतली वाट दाखवायला काहीच उरलं नव्हतं. भाऊंनी एका भोकातून तार घातली, दुसऱ्या भोकापाशी लोहचुंबक धरलं, विजेरी तोंडात धरून आत पाहिलं. तार आत कुठेतरी जायची आणि थांबायची. टोळीतले सहा जण हेल्मेट घालून उभे. पाऊण तास गेला, ऊन चढायला लागलं. कुणीतरी म्हणालं, आता एंडोस्कोपीच करावी लागणार. आणि मी म्हणाले, "भाऊ, सुई आधी उपसून मग शीर शोधत बसले, तर पेशंट मला हाणतील."

सगळे हसले. वाक्य चांगलं जमलं होतं, मीही हसले. भाऊंनी तार खाली ठेवली, फडक्याला हात पुसले. "चुकलं माझं," म्हणाले. "गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. तुमी जावा, उशीर व्हतोय." त्या दिवशी आम्ही त्यांच्याशिवाय वर गेलो. दोन दिवसांनी सविताने गाडी आणून दिली. केबल बसली नव्हती. त्यांनी सगळे सुटे भाग एका स्वच्छ पिशवीत घालून हॅण्डलला बांधले होते. मी गाडी पुण्याच्या एका दुकानात नेली.

त्यानंतर भाऊंनी नव्या गाड्या दुरुस्तीला घेणं बंद केलं. कुणी आणली की म्हणायचे, ह्ये आपल्याला जमत न्हाई. टोळीतल्या बहुतेकांकडे एव्हाना नव्याच गाड्या होत्या, त्यामुळे गोठ्यात येणं कमी झालं. आधी पंक्चर मग पठार हा नियमही आपोआप सुटला. रविवारी भुशीच्या रस्त्याला भेटायचं ठरू लागलं. भाऊ आधी दर रविवारी यायचे, मग एका रविवारआड यायला लागले, मग गुडघा दुखतो म्हणाले. कारखान्याने एकदा घरी बसवलं होतं. दुसऱ्यांदा आम्ही बसवलं, आणि त्याची सुरुवात माझ्या वाक्याने झाली, हे मला तेव्हाही कळत होतं. यंत्राने घरी बसवलं तर माणूस यंत्राला शिव्या देतो. इथे शिव्या द्यायला समोर आपलीच माणसं होती, आणि भाऊंनी त्या दिल्या नाहीत.

शेवटची भेट त्यांच्या ओट्यावर. जाण्याच्या तीन आठवडे आधी त्यांचा रक्ताचा रिपोर्ट द्यायला मी स्वतः गेले होते, तसं मी कुणाकडे जात नाही. माफी मागायचं ठरवूनच गेले होते. त्यांनी चहा सांगितला, गाडी कशी आहे विचारलं. मी म्हटलं, पुण्याच्या दुकानात करून घेतली, आता बरी आहे. "चांगलं केलं," म्हणाले. मग... मी रिपोर्ट उघडला. बोलायला पंधरा मिनिटं होती, ती मी कोलेस्टेरॉलवर घालवली. तेल कमी करा, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, आजच वेळ घ्या. ते व्हय व्हय म्हणत राहिले. डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्याची मिळाली होती.

तेराव्यानंतर सविताने बोलावलं. गोठ्यात आता तिच्या नवऱ्याला चारचाकी लावायची होती. कुठलं हत्यार कशाचं, कुणाला द्यायचं, कुठलं भंगारात टाकायचं, हे घरात कुणाला कळत नव्हतं. मी जुने कपडे घालून गेले आणि कपाटापासून सुरुवात केली. दुपारी बाकाखालची पोती ओढली, तर त्यांच्या मागे फडक्यात गुंडाळलेली एक कार्बनची फ्रेम निघाली. आमच्यातल्याच एकाची तडकलेली, त्याने भंगार म्हणून तिथेच टाकलेली. तिचा खालचा जाड दांडा भाऊंनी करवतीने उभा चिरला होता, भाजी चिरावी तसा, हॅण्डलपासून पॅडलपर्यंत. आतलं सगळं पोट उघडं. त्यातून गोधडीचा लाल दोरा आणि एक नवी केबल शेजारी शेजारी ओवलेली होती आणि आतल्या बाजूला पेनाने खुणा केल्या होत्या. जिथे पॅडलच्या बेअरिंगचा उंचवटा आत येतो, तिथे एक बाण आणि त्यांच्या अक्षरात लिहिलेलं: "हितं अडतं". त्याच्या दोन बोटं पुढे: "हितं पिळा मारून वर".

सविता दारात उभी होती. म्हणाली, "तुमची गाडी परत दिली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी करवत लावली त्यांनी. रोज दुपारी दार लोटून बसायचे. कुणाला सांगू नको म्हणाले. पक्कं जमल्याबिगर कुणाच्या गाडीला हात लावणार न्हाई, आणि जमलं की पयली डॉक्टरीणबाईचीच गाडी मागून घेईन, असं आईंना सांगितलं होतं."

जमलं होतं का, ते मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. सुमनवहिनींनाही माहीत नव्हतं.

बाकीचं सामान त्याच दिवशी वाटून टाकलं. पाने टोळीतल्या दोघांना दिले, जुने टायर एका शाळेने मुलांच्या खेळासाठी नेले. फ्रेम मी घरी आणली. ती आता माझ्या मागच्या खोलीत धुण्याच्या मशीनवर आडवी ठेवली आहे. चिरलेली बाजू पुठ्ठ्याने झाकायची, म्हणजे आतलं दिसत नाही, आणि वरच्या भोकातून केबल सोडायची. दुपारी लॅब बंद असते तेव्हा मी हे करत बसते. अजून दहातून चार वेळाच बाहेर येते. उरलेल्या सहा वेळा पुठ्ठा काढून बघते. केबल बरोबर बाणापाशीच थांबलेली असते.